खिशातली टॉर्च निवडताना आधी सेल पाहावा

रोज खिशात, पर्समध्ये किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात बाळगण्यासाठी छोटी टॉर्च घ्यायची म्हटली, की बहुतेकांची नजर आधी खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे जाते, आणि तो आकडा बहुधा लुमेनचा, म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाच्या मापाचा असतो. जितके लुमेन जास्त तितकी टॉर्च चांगली, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. सर्वत्र मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टॉर्चच्या बाबतीत हा हिशेब हमखास फसतो, कारण किती उजेड पडेल आणि तो किती वेळ टिकेल, हे टॉर्चपेक्षा तिच्यात बसणारा सेल ठरवतो. सेल म्हणजे बँकेतली शिल्लक. उत्तम टॉर्च ती जपून खर्च करते, सुमार टॉर्च उधळते, पण ती शिल्लक वाढवणे कोणत्याही टॉर्चला जमत नाही. म्हणून येथे निवडीची सुरुवात सेलपासून केली आहे आणि टॉर्चचे अंग, बटण, भिंग वगैरे गोष्टी नंतर घेतल्या आहेत.

मोबाइलमध्ये उजेड असताना वेगळी टॉर्च कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मोबाइलच्या एलईडीपुढे प्रकाश एकवटणारा परावर्तक नसतो, त्यामुळे हातभर अंतरावर तो उजेड पुरतो, पण दहा-पंधरा पावलांपलीकडे फिका पडतो. शिवाय वीज गेलेली असताना ज्या यंत्रावर आपला संपर्क अवलंबून आहे, त्याचीच बॅटरी उजेडासाठी खर्च करणे शहाणपणाचे नाही. आणि पावसात, तेलकट हाताने किंवा दोन्ही हात कामात गुंतलेले असताना दातांत धरून वापरण्याजोगी ती वस्तू नव्हेच.

दुसरा प्रश्न असा, की घरी चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीच्या टॉर्च जास्त उजेड देत असताना साध्या सेलचा आग्रह का धरावा. त्या जास्त उजेड देतात हे खरेच आहे. १८६५० या नावाने ओळखला जाणारा, १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांबीचा लिथियम-आयन सेल सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा साठवतो; रिचार्जेबल पेन्सिल सेलला त्याच्या चौथ्या हिश्शाची मजलही गाठता येत नाही. परंतु ती टॉर्च संपली की चार्जर आणि वीज दोन्ही लागतात, आणि बॅटरी आत कायमची बसवलेली असेल तर बॅटरी म्हातारी झाली की टॉर्चही गेली. पेन्सिल सेल मात्र भिंतीवरच्या घड्याळातून काढूनही बसवता येतो, अर्ध्या मिनिटात बदलता येतो आणि जगात जवळजवळ कोठेही मिळतो. ज्याला जास्तीत जास्त झोत हवा त्याने लिथियम-आयनकडे जावे. ज्याला ऐनवेळी दगा न देणारा उजेड हवा, त्याच्यासाठी पुढचे विवेचन आहे.

सेलमध्ये किती उजेड मावतो

पेन्सिल सेलचे दोन आकार सर्वत्र चालतात. डबल-ए सेलचा व्यास सुमारे १४.५ मिमी आणि लांबी ५०.५ मिमी असते. ट्रिपल-ए सेलचा व्यास १०.५ मिमी आणि लांबी ४४.५ मिमी. रिचार्जेबल डबल-ए सेलची क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास आणि व्होल्टेज १.२ असते. या दोन्हींचा गुणाकार केला की २.४ वॅट-तास ही ऊर्जा मिळते. एलईडी आणि सर्किट यांच्यातली नासाडी वजा जाता चांगली छोटी टॉर्च मध्यम उजेडावर एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देते, असे ढोबळमानाने धरता येते. म्हणजे एका डबल-ए सेलमध्ये सुमारे २४० लुमेन-तास मावतात. ते कसे खर्च करायचे हे आपण ठरवावे: १०० लुमेन घेतले तर सव्वादोन-अडीच तास, ५० लुमेन घेतले तर पावणेपाच तास आणि १० लुमेनवर समाधान मानले तर अख्खा दिवस आणि रात्र.

हा हिशेब दोन्ही टोकांना थोडा ढळतो. अगदी मंद उजेडात सर्किट स्वतःला जागे ठेवण्यासाठी जी वीज घेते तिचा वाटा मोठा होतो, आणि अगदी प्रखर उजेडात एलईडी तापून त्याची कार्यक्षमता घटते. तरीही खोक्यावरचा दावा खरा की खोटा, हे ताडून पाहायला तो पुरेसा आहे. समजा, एका डबल-ए सेलच्या टॉर्चवर ‘१००० लुमेन, १० तास’ असे छापलेले आहे. ते दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असतील तर १०,००० लुमेन-तास झाले, म्हणजे त्या सेलच्या ऐपतीच्या सुमारे चाळीस पट. असा दावा दिसला की पुढचे काही वाचायची गरज राहत नाही.

ट्रिपल-ए सेलची क्षमता ८०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे ऊर्जा जेमतेम १ वॅट-तास. व्यासात ४ मिमी आणि लांबीत ६ मिमी वाचवण्यासाठी आपण जवळजवळ साठ टक्के ऊर्जा सोडून देतो. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायची असेल तर हा सौदा परवडतो, कारण तेथे जाड टॉर्च लवकरच नकोशी होते आणि मग घरीच राहते. खिशात किंवा पिशवीत ठेवायची असेल तर मात्र एका डबल-ए सेलची टॉर्चच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन डबल-ए सेल एकामागे एक बसणाऱ्या लांबट टॉर्चही पुष्कळ आहेत. १९८४ साली बाजारात आलेली मिनी मॅगलाइट याच घडणीची होती. तिच्यातला छोटा बल्ब दोन सेलच्या ३ व्होल्टवर थेट पेटत असे. आजच्या पांढऱ्या एलईडीलाही साधारण ३ व्होल्ट लागतात, पण एका सेलचे व्होल्टेज चढवून देणारे छोटे सर्किट आता टॉर्चच्या डोक्यात सहज बसत असल्यामुळे दुसरा सेल अनिवार्य राहिलेला नाही. दोन सेलचा फायदा असा, की ऊर्जा दुप्पट होते आणि तेवढ्याच उजेडासाठी प्रत्येक सेलवरचा भार निम्मा होतो, त्यामुळे सेल दुपटीहून थोडे अधिकच टिकतात. तोटा केवळ लांबीचा नाही. दोन्ही सेल एकाच प्रकारचे, एकाच वयाचे आणि सारखेच भरलेले असावे लागतात. एक ताजा आणि एक अर्धा संपलेला असे जोडले, तर कमकुवत सेल आधी रिकामा होतो, ताजा सेल त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलत राहतो आणि तो कमकुवत सेल फुगतो किंवा गळतो. एका सेलच्या टॉर्चला ही भानगड नाही. हाती येईल तो सेल तिच्यात चालतो.

आकार एक, स्वभाव निराळे

वरून सारखे दिसणारे डबल-ए सेल आतून चार-पाच प्रकारचे असतात आणि टॉर्चमध्ये त्यांचे वागणे अगदी वेगळे असते. ओळखण्यासाठी सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेला आंतरराष्ट्रीय संकेत पाहावा. ‘आर६’ एवढेच असेल तर तो जुन्या पद्धतीचा झिंक-कार्बन सेल. त्या ‘आर६’च्या आधी ‘एल’ असेल तर अल्कलाइन, ‘एच’ असेल तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड आणि ‘एफ’ असेल तर एकदाच वापरायचा लिथियम सेल. झिंक-कार्बन सेल रिमोट किंवा घड्याळापुरता ठीक आहे. टॉर्चमध्ये तो घालूच नये.

अल्कलाइन सेल सर्वांत सहज मिळतो आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त आहेत. हलक्या भारावर तो २००० मिलिअँपिअर-तासांहून अधिक देतो, यात खोटे काही नाही. पण त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, नवा असतानाही ०.१५ ते ०.३ ओहमच्या घरात असतो. आता २०० लुमेनचा उजेड मागितला तर काय घडते ते पाहू. सर्किटला सुमारे २ वॅट हवे असतात, म्हणजे सेलमधून दीड अँपिअरहून अधिक प्रवाह खेचावा लागतो. तेवढ्या प्रवाहाला सेलच्या आतच तीन दशांश व्होल्ट किंवा त्याहून जास्त जिरून जातात आणि नव्या सेलचे १.५ व्होल्ट पाहता पाहता १.२ च्या खाली येतात. सर्किटला मात्र ठरलेली शक्ती हवीच असते. व्होल्टेज घटले म्हणून ते प्रवाह वाढवते, प्रवाह वाढला म्हणून व्होल्टेज आणखी घटते, आणि हे चक्र सेल दमेपर्यंत चालते. एक अँपिअरच्या भारावर अल्कलाइन सेलची निम्मी क्षमतासुद्धा पदरात पडत नाही. उरलेली ऊर्जा सेलमध्ये असते, फक्त ती वेगाने बाहेर काढता येत नाही. टॉर्चने नाकारलेला सेल भिंतीवरचे घड्याळ पुढे कित्येक महिने चालवतो तो यामुळेच. म्हणून अल्कलाइन सेल वापरायचाच असेल तर टॉर्च मंद किंवा मध्यम उजेडावर चालवावी. तेथे तो चांगली साथ देतो.

त्याचा दुसरा दोष गळण्याचा. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. सेल संपत आला, किंवा संपलेला सेल तसाच आत राहिला, की हायड्रोजन वायू साचून दाब वाढतो, टोकाजवळचे सील उघडते आणि ते द्रावण बाहेर झिरपते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी भुरभुरीत पुटे बनतात. टॉर्चची मागची टोपी उघडल्यावर स्प्रिंगभोवती मिठासारखे जे साचलेले दिसते, ते हेच. थोडे असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या काडीने ते पुसता येते, मात्र हातमोजे घालून आणि डोळे जपून. पण एका सेलच्या टॉर्चची नळी सेलला अगदी घट्ट बसणारी असते. गळलेला सेल फुगून तीत अडकला, तर तो काढताना अनेकदा टॉर्चच निकामी होते. महिनोन् महिने हात न लागणाऱ्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल ठेवू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा.

रोजच्या वापरासाठी निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल सर्वांत योग्य. ‘याचे व्होल्टेज १.२ आणि अल्कलाइनचे १.५, म्हणजे हा कमजोर’ असे पुष्कळांना वाटते, पण वर पाहिल्याप्रमाणे भार पडल्यावर अल्कलाइन सेल लवकरच १.२ च्या खाली घसरतो. रिचार्जेबल सेलचा अंतर्गत रोध त्याच्या कित्येक पटींनी कमी असल्यामुळे तो जवळजवळ शेवटपर्यंत १.२ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि दोन अँपिअरचा भारही सहज पेलतो. पूर्वी या सेलची खोड अशी होती, की चार्ज करून ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत ते आपोआप उतरत. २००५ साली सान्यो कंपनीने एनलूप या नावाने कमी स्व-विसर्जन असलेले सेल आणले आणि ही अडचण बरीच दूर झाली. असे सेल आज अनेक कंपन्या बनवतात आणि वर्षभर पडून राहिले तरी त्यांच्यातील बहुतांश चार्ज शाबूत असतो. येथेही मोठ्या आकड्याचा मोह टाळावा. २५०० मिलिअँपिअर-तास किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सेल सहसा लवकर उतरतात आणि कमी वेळा चार्ज होऊ शकतात. १९०० ते २००० चा सेल दीर्घकाळ निभावतो.

एकदाच वापरायचा लिथियम सेल ही खास प्रसंगांची वस्तू आहे. तो सुमारे १५ ग्रॅमचा, म्हणजे अल्कलाइनपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक हलका असतो, प्रखर उजेडाचा भार पेलतो, उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो आणि उत्पादकांच्या हमीनुसार वीस वर्षे साठवता येतो. गळण्याची भीतीही त्याच्या बाबतीत फारच कमी. तो महाग असतो, म्हणून रोज जाळायला नव्हे, तर आणीबाणीसाठी राखून ठेवलेल्या टॉर्चमध्ये किंवा मोठ्या प्रवासात जवळ बाळगायच्या जादा सेलसाठी तो घ्यावा.

राहिले दोन लिथियम-आयन प्रकार, आणि त्यांच्याबाबत सावध राहणे आवश्यक आहे. १४५०० नावाचा सेल आकाराने डबल-ए सारखाच, पण व्होल्टेज ३.७ आणि पूर्ण भरलेला असताना ४.२. काही टॉर्च दोन्ही सेल चालतील अशा बनवलेल्या असतात आणि १४५०० घातल्यावर त्यांचा उजेड कित्येक पटींनी वाढतो. ज्या टॉर्चच्या माहितीपत्रकात याचा स्पष्ट उल्लेख नाही, तिच्यात तो घालू नये. सर्किट किंवा एलईडी जळू शकतो. निकेलच्या सेलसाठी असलेल्या चार्जरमध्ये तर तो कदापि ठेवू नये. दुसरा प्रकार, यूएसबी तारेने चार्ज होणारा १.५ व्होल्टचा सेल. याच्या आत लिथियम-आयन सेल आणि व्होल्टेज उतरवणारे छोटे सर्किट असते, त्यामुळे तो शेवटच्या क्षणापर्यंत १.५ व्होल्ट देतो आणि मग एकाएकी बंद पडतो. ऐकायला हे चांगले वाटते, पण टॉर्चला सेल संपत आल्याची चाहूलच लागत नाही आणि जिन्यावर मध्येच मिट्ट काळोख होतो. उजेड हळूहळू मंदावत जाणे हा गैरसोयीचा भाग नसून उपयोगाचा इशारा आहे.

खोक्यावरचे आकडे

टॉर्चच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली एएनएसआय एफएल-१ हे मानक आले आणि आज नामवंत कंपन्या बहुधा त्याच पद्धतीने आकडे देतात. हे आकडे प्रामाणिक असले तरी ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे कळले पाहिजे.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, आणि तो टॉर्च लावल्यानंतर निदान ३० सेकंदांनी मोजतात. टिकण्याचा काळ मात्र उजेड त्या आरंभीच्या आकड्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा धरला जातो, आणि खरी मेख येथे आहे. एखादी टॉर्च तीन मिनिटे ३०० लुमेन देते, मग तापू नये म्हणून स्वतःच १०० वर उतरते, दीड तास तेथे राहते आणि नंतर ३० च्या खाली जाते. तिच्या खोक्यावर ‘३०० लुमेन, १ तास ३३ मिनिटे’ असे छापणे मानकाला धरूनच असते. त्यामुळे शक्य असेल तेथे वेळेनुसार उजेड कसा बदलतो हे दाखवणारा आलेख पाहावा. आलेख नसेल तर मधल्या पायरीचे, म्हणजे ५० ते १०० लुमेनच्या पायरीचे आकडे पाहावेत. तेथे टॉर्चला लपवालपवी करायला जागा कमी असते.

अंतराचा आकडाही असाच समजून घ्यावा लागतो. झोताच्या मध्यभागी उजेड किती एकवटला आहे, हे कँडेलात मोजतात. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की मीटरमधले अंतर मिळते. १६०० कँडेलाच्या टॉर्चचे अंतर ८० मीटर. पण ८० मीटरवर त्या झोताचा उजेड पाव लक्सच पडतो, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यात काहीतरी उभे आहे एवढे दिसेल, ते काय आहे हे सांगता येणार नाही. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, म्हणून छापील अंतराच्या निम्मे किंवा एक तृतीयांश अंतर कामाचे समजावे.

लुमेनच्या आकड्यांबाबत आपला डोळाही आपल्याला फारशी मदत करत नाही. उजेड दुप्पट भासण्यासाठी तो प्रत्यक्षात साधारण चौपट करावा लागतो. त्यामुळे १५० लुमेनची टॉर्च आणि २०० लुमेनची टॉर्च एकामागून एक लावून पाहिल्या तरी फरक जेमतेम जाणवतो, आणि त्या न जाणवणाऱ्या फरकासाठी सेल मात्र एक तृतीयांश जास्त खर्च होतो. चांगल्या टॉर्चच्या पायऱ्या याच कारणाने गुणाकाराने चढणाऱ्या असतात: १, १०, ५०, २०० अशा. ५०, १००, १५०, २०० अशा पायऱ्या कागदावर नीटनेटक्या दिसतात, पण वापरात वरच्या तीन जवळजवळ एकच वाटतात आणि खरी गरजेची मंद पायरी गायब असते.

या मंद पायरीबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण खरेदी करताना तिच्याकडे कोणीच पाहत नाही. डोळ्यांना अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. रात्री जाग आल्यावर १०० लुमेनचा झोत समोरच्या भिंतीवर पडला, की तो सराव क्षणात मोडतो, टॉर्च विझवल्यावर काहीच दिसेनासे होते आणि शेजारी झोपलेल्याचीही झोपमोड होते. अर्धा ते एक लुमेन एवढा उजेड अशा वेळी औषधाचे नाव वाचायला, कुलपाचे भोक शोधायला किंवा तंबूत सामान चाचपायला पुष्कळ असतो, आणि एका सेलवर तो कित्येक दिवस टिकतो. लावल्याबरोबर आधी मंद उजेड येणारी किंवा मंद पायरी थेट निवडता येणारी टॉर्च त्यामुळेच घ्यावी.

आतले सर्किट

एका सेलच्या टॉर्चमधले व्होल्टेज चढवणारे सर्किट उजेड स्थिर राखणारे आहे की नाही, यावर टॉर्चची खरी प्रत ठरते. स्थिर राखणारे असेल तर सेल उतरत गेला तरी उजेड जवळजवळ सारखा राहतो आणि अखेरीस खालच्या पायरीवर येतो. नसेल तर पहिल्या मिनिटापासून उजेड सतत घसरत राहतो. खोक्यावरचा काळ मोठा दिसतो, पण त्यातला उत्तरार्ध मिणमिणता असतो.

उजेड कमी करण्याच्याही दोन रीती आहेत. एकीत एलईडीला कमी प्रवाह दिला जातो. दुसरीत एलईडी पूर्ण जोराने, पण सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा लावून-विझवून चालवला जातो. दुसऱ्या रीतीत वेग कमी असेल तर डोळ्यांना त्रास होतो आणि फिरत्या यंत्राचे पाते थांबल्यासारखे दिसू शकते, जे धोक्याचे आहे. पारख अगदी सोपी: टॉर्च मंद पायरीवर लावून तिच्या उजेडात बोटे फाकवून हात भरभर हलवावा. बोटांची एकसंध धूसर रेघ दिसली तर ठीक; सुटी सुटी अनेक बोटे दिसली तर उजेड लुकलुकतो आहे.

एलईडीला मिळणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक भागाची उष्णताच होते, आणि बोटाएवढ्या टॉर्चला ती बाहेर टाकायला जागा थोडी असते. म्हणून अंग ॲल्युमिनियमचे असणे उत्तम. टायटॅनियमच्या टॉर्च देखण्या असतात, पण टायटॅनियमचे मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहून नेतात. तांबे ती ॲल्युमिनियमपेक्षाही चांगली वाहते, पण जड असते आणि खिशात काळवंडते.

हातात घेऊन पाहताना

झोताचा आकार कामानुसार निवडावा. गुळगुळीत परावर्तक मध्यभागी तीव्र ठिपका देतो, खरबरीत परावर्तक तो ठिपका मऊ करतो, आणि भरीव पारदर्शक भिंगाची रचना छोट्या टॉर्चमध्ये जागा वाचवते. रोजचे काम हातभर ते वीस-पंचवीस पावलांतच होते, त्यामुळे पसरट, कडेला हळूहळू विरत जाणारा झोत तीव्र ठिपक्यापेक्षा कामाचा ठरतो. पुढे-मागे सरकवून झोत बदलणाऱ्या टॉर्च मला फारशा पटत नाहीत. त्यांच्या सरकत्या भागातून पाणी आणि धूळ आत जायला वाट मिळते.

पांढऱ्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात: ३००० म्हणजे पिवळसर, ५००० म्हणजे दुपारच्या उन्हाजवळचा, ६५०० म्हणजे निळसर. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावरचा पिवळा लेप त्या निळ्याचा काही भाग बदलून पांढरा उजेड घडवतो (या निळ्या एलईडीच्याच शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले). लेप पातळ असला की लुमेन थोडे जास्त मिळतात, पण लाल रंग मरतो: तपकिरी आणि लाल वायर सारखीच दिसते, जखमेतले रक्त मातकट वाटते. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंग-दर्शनाचा निर्देशांक ९० किंवा त्याहून अधिक असलेली टॉर्च घेतल्यास थोडे लुमेन कमी मिळतात, पण वर सांगितल्याप्रमाणे ते डोळ्यांना जाणवतही नाहीत.

टॉर्च पाणी किती सोसते हे आयपीएक्स या संकेताने सांगतात: आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण आणि आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. खिशातल्या टॉर्चला पाऊस आणि बादलीत पडणे एवढेच सोसायचे असते, त्यामुळे सात क्रमांक पुरेसा आहे. क्लिप पक्की असावी आणि टॉर्च टेबलावरून घरंगळू देऊ नये. मागचा भाग सपाट असेल तर टॉर्च उभी करून छताकडे झोत सोडता येतो आणि खोलीभर सौम्य उजेड पसरतो. वीज गेल्यावर हा गुण फार उपयोगी पडतो.

बटणाचा प्रश्न रुचीचा वाटतो, पण त्याचा सेलशी थेट संबंध आहे. मागच्या बाजूचे टिचकी बटण विद्युतमार्ग खरोखर तोडते. अंगावरचे मऊ इलेक्ट्रॉनिक बटण तसे करत नाही. दाबण्याची वाट पाहत सर्किट अखंड जागे असते. ते ०.०५ मिलिअँपिअर घेत असेल तर २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्या हिशेबाने साडेचार वर्षे पुरेल, म्हणजे चिंता नाही. पण १ मिलिअँपिअर घेत असेल तर तीन महिन्यांच्या आतच न वापरलेली टॉर्च रिकामी मिळेल. माहितीपत्रकात हा आकडा नसेल तर टोपीचे आटे पाहावेत. आट्यांवर रंगीत, वीज न वाहणारा ॲनोडाइज्ड थर असेल तर टोपी पाव फेरा सैल केली की विद्युतमार्ग तुटतो: सेल उतरत नाही आणि खिशात बटण दाबले जाऊन टॉर्च आपोआप तापतही नाही. आटे चकचकीत उघड्या धातूचे असतील तर ही सोय मिळत नाही, आणि अशी टॉर्च ठेवून द्यायची असेल तेव्हा सेल बाहेर काढून तिच्याजवळच ठेवावा.